"वासच गेलाय ना"

आज रामबागेत मुंजीच्या पंगतीत नात्यातल्या एक काकू आईला म्हणाल्या, "अगं वासच गेलाय ना, डोळे-कान शाबूत आहेत, बास झालं." आई हसली आणि मठ्ठ्याची वाटी पुढे सरकवली. बटूच्या आईवडिलांकडे बघून मी गप्प बसले, पण घरी आल्यापासून डोकं फिरलंय म्हणून इथे लिहितेय.

2021 च्या एप्रिलमध्ये कोविड झाला तेव्हापासून आईला वास येत नाही. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती, त्यांची शाल कपाटात न धुता ठेवलेली, रात्री आई ती काढून नाकाशी धरायची आणि आम्ही बघून न बघितल्यासारखं करायचो. बरी झाल्यावर पहिल्यांदा शाल काढली, हुंगली, परत हुंगली, मग मला विचारलं, "तू धुतलीस का गं?"

नाही गं आई, नाही धुतली.

डोळ्याकानांचा निरोप मेंदूत आधी थॅलॅमसच्या ठाण्यावर थांबून पुढे जातो, वासाचं तसं नाहीये, नाकाच्या छतातल्या पेशींकडून तो ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये, म्हणजे मेंदूतल्या वासाच्या पहिल्या केंद्रात, आणि तिथून लगेच अमिग्डालाकडे, हिप्पोकॅम्पसच्या दारात, म्हणजे भावना आणि आठवणी जिथे नांदतात तिथेच! नाकातल्या त्या पेशींवर वास पकडणारे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर, त्यातले कुठले कुठले एकत्र जागे झाले त्यावरून मेंदू ओळखतो ही लवंग, हा हिंग, ही बाबांची शाल. हे रिसेप्टर शोधले म्हणून लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 चं नोबेल मिळालं, आणि आपण म्हणतो वासच ना!!

हो, डोळे जाणं जास्त वाईट, मान्य. म्हणून हे काहीच नाही? चवही गेली तिची, कारण आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी घशामागून नाकात चढणारा वासच असतो. पोह्यांवर जिरावन मसाला घालते ती सवयीने, कळतं ते तिखट-मीठ तेवढंच. मागच्या महिन्यात दूध करपून घरभर धूर, ही शेजारच्या खोलीत जप करतेय. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम घाण वास मिसळतात, गळती कळावी म्हणून, ती हिला कशी कळणार?

आता लिहिता लिहिता काकूंवरचा राग थोडा उतरलाय, त्यांना कोणी सांगितलंच नसेल. वासाच्या पेशी पुन्हा पुन्हा नव्या तयार होतात, म्हणून गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज दोनदा हुंगायचा सराव करतात, महिनोन्महिने, काहींना फायदा होतो. आम्ही उशिराच सुरू केला. गेल्या आठवड्यात लवंग हुंगून म्हणाली, "काहीतरी जळकट येतंय गं." काहीतरी येतंय! मी आत जाऊन रडले.

शाल अजून तशीच आहे. कोणी धुवायची नाहीये.