जजसाहेब, ग्रेडर आणि मी

टेक्सासमधलं बिग बेंड पार्क बघून ऑस्टिनला परत येताना पोलिसाने गाडी थांबवली. ताशी ७५ मैल वेगमर्यादेची पाटी होती, तिची ५५ झाली, मग गाव आलं, म्हणजे एक पेट्रोल पंप आणि एक पाण्याची टाकी आली, की लगेच ३५, पण माझा पाय अजून मागच्याच पाटीवर होता. ५८ ला सापडलो. चूक माझीच, उगाच त्या काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव कशाला घ्या.

बायको म्हणाली, पोलिसाने दिलेल्या दंडाच्या तिकिटाच्या मागे काय लिहिलंय ते वाच. मी म्हटलं वाचायचंय काय, कोर्टाचा कागद आहे, हजर व्हायचं!

तर महिन्याभराने परत सहा तास ड्राइव्ह. पश्चिम टेक्सासमध्ये अंतरं म्हणजे अंतच नाही हो. बिग बेंड ज्या ब्रूस्टर काउंटीत आहे ती अख्ख्या पुणे जिल्ह्याहून थोडी मोठीच, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं किती? ९,५४६. आमच्या सिंहगड रोडला तेवढी सिग्नलला उभी असतात. तिथल्याच टर्लिंग्वा गावच्या माणसाला कोर्टात काम निघालं तर काउंटीच्या मुख्य गावी, आल्पाइनपर्यंत १३० किलोमीटर, आणि अशा २५४ काउंट्या आहेत टेक्सासमध्ये!

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, इथे पायऱ्या नऊ होत्या. मी मोजल्या, कारण सगळ्या चढेपर्यंत एक माणूस दिसला नाही. आत एका दारावर 'कमिशनर्स कोर्ट' अशी पाटी. कोर्ट म्हणजे कोर्ट, गेलो आत आणि मागच्या बाकावर बसलो. समोर पाच जण, मधल्याच्या पुढ्यात 'काउंटी जज' लिहिलेलं, आणि अर्धा तास चर्चा एकच, रस्ते सपाट करायचं ग्रेडर मशीन दुरुस्त करावं की नवं घ्यावं. मला वाटलं आपल्या आधीची केस आहे, बहुतेक ग्रेडरनेच कुणाला तरी ठोकलंय.

मग जजसाहेबांनी विचारलं, लोकांपैकी कुणाला काही बोलायचंय? लोकांपैकी म्हणजे मीच. ताडकन उभा राहिलो आणि म्हणालो, युवर ऑनर, गुन्हा कबूल आहे.

पाचही जण गप्प. एकाने टोपी काढून परत घातली. जजसाहेब फार शांतपणे म्हणाले, बाळा, आम्ही फक्त रस्ते आणि बजेट बघतोय.

म्हणजे हे कोर्ट कोर्टच नाही! आपली जिल्हा परिषद म्हणा, चार कमिशनर आणि अध्यक्ष म्हणून काउंटी जज, सगळे निवडून आलेले. जज वकील असायलाच हवा असंही नाही, कायद्याची चांगली माहिती असावी एवढीच राज्यघटनेची अट. माझं तिकीट जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे किरकोळ केसेस बघणाऱ्या न्यायाधीशाकडे, तो बसतो मागच्या पत्र्याच्या बिल्डिंगीत.

तिथल्या क्लार्कबाईंनी तिकीट घेतलं, उलटं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मर्यादेच्या वर २५ मैलांच्या आतलंच स्पीडिंग आहे, पोस्टाने अर्ज पाठवा, घरी बसून सहा तासांचा ऑनलाइन कोर्स करा, तिकीट रद्द. "तुम्ही एवढ्या लांबून आलात?" असं त्यांनी इतक्या मायेने विचारलं की मी म्हटलं नाही नाही, इकडे कामच होतं.

परतताना त्याच पेट्रोल पंपापाशी ३३ ने चाललो होतो. मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न देत होता.