एफवायच्या पोरांना लिहितं होऊ न देण्याची रीत

वेळापत्रक लागलं आणि 'शैक्षणिक लेखनकौशल्ये, २ क्रेडिट' या ओळीपुढे तुमची आद्याक्षरं निघाली. विभागप्रमुखांकडे गेलात तर त्या म्हणाल्या, "अहो, मराठीच तर आहे, त्यात काय शिकवायचं?" घाबरू नका, त्यांनी निम्मं काम करून ठेवलंय. दोन क्रेडिट म्हणजे ३० तास. त्यातून गणपती, युवा महोत्सव, एनएसएसचं शिबिर आणि 'आज सर मीटिंगला गेलेत' वजा केलं की जे उरतं, तेवढ्यात कुणालाही लिहायला न शिकवणं सहज जमतं.

समोरची पहिल्या वर्षाची ८० पोरं कोरी नाहीत. शाळेनं मशागत चांगली केलीय. फाटक्या छत्रीचं, पडक्या वाड्याचं, आटलेल्या नदीचं आत्मवृत्त त्यांनी लिहून झालंय. सूर्य उगवला नाही तर काय होईल, याची काळजीही वाहून झालीय. छत्रीला काय वाटतं हे बारा वर्षं विचारलं गेलं, पण 'तुला काय वाटतं, आणि कशावरून?' हे कुणी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

पहिले दोन आठवडे मुखपृष्ठाला द्या. बोधचिन्ह कुठे, पीआरएन म्हणजे विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक कुठे, 'मार्गदर्शक' हा शब्द किती ठळक. मग प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. ऋणनिर्देशात प्राचार्यांपासून झेरॉक्सवाल्या काकांपर्यंत सगळे यावेत, कारण अख्ख्या प्रोजेक्टात हे एकच पान कुणीतरी नक्की वाचतं. आपलं नाव आहे का ते बघायला का होईना.

नंतर संदर्भसूची. पोरं 'संदर्भ : १) गूगल २) विकिपीडिया ३) मित्र' असं लिहून आणतील. यातलं तिसरं कलम बहुधा खरं असतं, तरी खोडा. कुठलं विधान कुठून घेतलं हे वाचणाऱ्याला तपासता यावं म्हणून संदर्भ देतात, हे चुकूनही बोलू नका. संदर्भ लिहिण्याची पद्धत एपीएची सातवी आवृत्ती की एमएलएची नववी, एवढ्यावर चार तास काढा. स्वल्पविराम आडनावानंतर, पूर्णविराम आद्याक्षरानंतर. एखादा आगाऊ मुलगा विचारेल, "सर, ज्ञानेश्वरांचं आडनाव आधी लिहायचं का?" तिथं डगमगायचं नाही. फळ्यावर 'कुलकर्णी, ज्ञा. वि. (१२९०)' लिहा आणि पुढे चला. ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या एकाच ओवीत रचनेचं शक वर्ष, भाष्यकाराचं नाव आणि ती उतरून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचंही नाव येतं. म्हणजे आपल्याकडे हे सातशे वर्षांपूर्वी कुणाला तरी नीट समजलेलं होतं. पण ते सांगत बसलात तर वर्गाला विषय समजायला लागेल.

वाङ्मयचौर्यावर एक तास पुरे, तो मात्र धाक बसेल असा घ्या. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम काढा. दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्य तपासणीत धरायचं नाही, हेही त्यात आहे. वर्ग हे तेवढं टिपून घेईल आणि पंधराव्या शब्दाला समानार्थी शब्द शोधायला लागेल. त्याच नियमांतून असाइनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट आणि निबंध स्पष्टपणे वगळलेले आहेत, हे आपल्यातच राहू द्या. जुन्या श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर साम्य तपासणाऱ्या यंत्राला इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, हेही. अर्थात ते पोरांना तुमच्याआधी माहीत असतं.

आणि ते चॅटजीपीटी? त्यावर स्टाफरूमनं उपाय काढलाच आहे : असाइनमेंट हातानंच लिहायची, फुलस्केपवर, निळ्या शाईत. त्यामुळे आता मुलं मोबाइल समोर उभा करून त्यातलं सगळं हातानं उतरवतात. अक्षर सुधारतंय, असं परवा एक सहकारी कौतुकानं म्हणाले.

मुख्य पथ्य पुढेच आहे. वर्गात लिहून घेऊ नका. घेतलंत तर वाचावं लागेल. ८० जणांनी आठवड्याला एकेक पान लिहिलं आणि पानाला पाचच मिनिटं दिली, तरी सहा तास चाळीस मिनिटं होतात. तुम्ही तासिका तत्त्वावर असाल तर मानधन फळ्यासमोरच्या तासाचं मिळतं, वाचनाचं नाही. दुपारी दुसऱ्या कॉलेजची बस गाठायची असते. तेव्हा पीपीटी लावा, 'चांगल्या लेखनाची दहा वैशिष्ट्ये' डिक्टेट करा आणि परीक्षेत विचारा : 'चांगल्या लेखनाची कोणतीही पाच वैशिष्ट्ये लिहा.'

एवढं करूनही दगाफटका होतो. ८० फायलींच्या गठ्ठ्यात एखादी निघतेच. 'ग्रामीण विद्यार्थिनींच्या वाहतूक समस्या' हा तुम्हीच वाटलेला विषय, आणि मुलीनं लिहिलेलं असतं : "मी अकरा दिवस स्टँडवर मोजलं. सकाळची एसटी चार दिवस आलीच नाही. त्या दिवशी आम्ही तिघी वडापच्या जीपनं गेलो. बाकी सहा जणी घरी परतल्या, कारण पास एसटीला चालतो, वडापला जाऊन-येऊन साठ रुपये लागतात. त्या सहा जणींची हजेरी कमी आहे, तरी त्यांना कॉलेजची आवड नाही असं म्हणता येणार नाही."

लाल पेन तयार ठेवा. 'मी' खोडा, संशोधनात 'मी' नसतो. 'वडाप' खोडा, बोलीभाषा आहे. 'अकरा दिवस'वर प्रश्नचिन्ह करा, नमुना अपुरा. मग समासात स्वच्छ अक्षरात नमुना द्या : 'सदर संशोधिकेने केलेल्या निरीक्षणांती असे आढळून आले की, ग्रामीण भागातील वाहतूक सुविधांचा अभाव हा स्त्रीशिक्षणाच्या मार्गातील एक प्रमुख अडथळा असल्याचे म्हणता येईल.' आता कसं भारदस्त वाटतं! तिचं मूळचं वाक्य कुठल्याही यंत्रात घाला, साम्य सापडणार नाही. तुमच्या वाक्याला पहिल्याच झटक्यात वीसेक प्रबंध जुळतील.

गुणांचं तेवढं जपा. तिला २० पैकी १३ द्या. ११ दिलेत तर विचारायला येईल, १७ दिलेत तर पुढच्या सेमिस्टरलाही लिहून आणेल.