मगरी दारात, मग लांब कशाला?

‘मत्स्यशास्त्र नि वन्यजीव शिकायचे तर मोठं विद्यापीठच गाठा’ हे एका लेखात वाचलेलं मत काही पटलं नाही. बडोद्यातल्या आमच्या छोट्या कॉलेजात वर्गात आम्ही ११ जण, त्यामुळे सूक्ष्मदर्शकासाठी रांग नाही. बाजारातून आणलेल्या रोहूचा एक खवला चिमट्याने उपटला, धुऊन काचेवर ठेवला, तर आत खोडासारखी वर्तुळं! त्यांवरून वय काढतात. मोजताना मात्र कुणाची चार, कुणाची पाच, भांडणं ठरलेली. आणि मगरी? विश्वामित्री नदीत, भर शहरात. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या, तेव्हा आई म्हणाली, “घे, तुझं प्रॅक्टिकल दारात आलं!” वाचनालय मात्र अगदीच यथातथा, ते मान्य.