किटलीचं झाकण आणि खाणीतलं पाणी

शाळांच्या ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो : छोट्या जेम्स वॅटने किटलीचं झाकण वाफेने उडताना पाहिलं, त्यावरून वाफेचं इंजिन शोधलं आणि रेल्वे धावू लागली. मुलं हेच भाषणासाठी पाठ करतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

‘वॅटने इंजिन शोधलं.’ नाही. वॅटचा जन्म १७३६चा. इंग्लंडमधल्या डार्टमथचा थॉमस न्यूकोमेन हा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याचं इंजिन १७१२ सालीच डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होतं. न्यूकोमेन वारला १७२९ मध्ये, वॅट जन्मायच्या सुमारे साडेसहा वर्षं आधी. थॉमस सेव्हरीने वाफेवरच्या पाणीउपशाचं पेटंट घेतलं ते तर १६९८ मध्ये.

‘झाकण उडवणाऱ्या वाफेवरून कल्पना सुचली.’ खरा घोटाळा इथे आहे, कारण न्यूकोमेनच्या इंजिनात वाफ दट्ट्याला (सिलिंडर म्हणजे पोकळ नळकांड्यात वर-खाली होणाऱ्या पिस्टनला) ढकलतच नव्हती! पत्र्याच्या डब्यात थोडं पाणी उकळा, गॅस बंद करा, मगच झाकण घट्ट लावून वरून गार पाणी ओता. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि बाहेरची हवा डबा चेपून टाकते. न्यूकोमेनने हेच केलं. सिलिंडर वाफेने भरायचा, आत गार पाण्याचा फवारा मारायचा. आत पोकळी झाली की हवेचा दाब दट्ट्या खाली रेटायचा आणि लाकडी तुळईच्या दुसऱ्या टोकाला पंपाचा दांडा वर यायचा. मिनिटाला १२ वेळा, दर खेपेला सुमारे ४५ लिटर पाणी, ४६ मीटर खोलीवरून. खाणी पाण्याने भरत होत्या, त्या अडचणीतून हे यंत्र जन्माला आलं.

मग वॅटने काय केलं? फार मोठं काम केलं, आणि ते या गोष्टीत येतच नाही. ग्लासगो विद्यापीठातलं न्यूकोमेन इंजिनाचं एक छोटं मॉडेल १७६३-६४ मध्ये त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. त्याच्या लक्षात आलं की दर खेपेला तोच सिलिंडर तापवायचा आणि तोच गार करायचा, यातच बहुतेक वाफ वाया जाते. १७६५ मध्ये त्याला उपाय सुचला : वाफ थंड करायला वेगळं भांडं, सिलिंडर कायम गरम. पेटंट १७६९चं, पण प्रत्यक्ष कामाला लागलेली पहिली इंजिनं १७७६ची. कोळसा इतका वाचायचा की वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग मोबदला म्हणून घेत.

‘त्यातूनच रेल्वे आली.’ वॅटची अवजड इंजिनं एका जागी उभी राहून खाणी आणि गिरण्या चालवत होती. जास्त दाबाच्या वाफेला तर त्याचा ठाम विरोध होता. ती वाफ रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंजिनिअरने वापरली. २१ फेब्रुवारी १८०४ला वेल्समधल्या पेनीडॅरेनच्या लोखंडी रुळांवर त्याच्या इंजिनाने १० टन लोखंड आणि त्यावर चढून बसलेली सुमारे ७० माणसं ओढून नेली. झाकण उडवणाऱ्या वाफेचा खरा जोर तिथे कामी आला.