रजा आमची, हिशोब सगळ्यांचा

काल रात्री फॅमिली ग्रुपवर आमच्या दोघांचा एक फोटो टाकला. बिन्झच्या किनाऱ्यावरचा. एकच. आज सकाळी मावशीचा व्हॉइस मेसेज हजर. "मजा आहे बाई तुमची! फिरायला बरी रजा मिळते, आईकडे यायचं म्हटलं की तुमचा तो बॉस आडवा येतो." मागे मिक्सर चालू, आणि शेवटी तिचं ते हसणं, ज्यावर धड चिडताही येत नाही. खाली काकवांचे अंगठे. आईने काहीच लिहिलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत उत्तर टाइप केलं आणि खोडलं. ग्रुपवर लिहिलं की आईला फोन जाणार. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

आधी फोटोचं. बिन्झ हे ऱ्युगेन बेटावरचं गाव, आणि ऱ्युगेन म्हणजे जर्मनीचं सगळ्यात मोठं बेट, पार वर, बाल्टिक समुद्रात. आम्ही राहतो त्या लाइपझिगहून गेलो ते देशभर चालणाऱ्या मासिक तिकिटावर. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, आता ६३ झालंय, आणि त्यावर वेगवान गाड्यांत बसता येत नाही. म्हणजे साध्या गाड्या बदलत बदलत, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, अख्खा दिवस प्रवास. "एवढ्या पैशात इकडे येऊन गेला असतात" असं लिहिणाऱ्या काकांनी उन्हाळ्यातलं मुंबईच्या विमानाचं भाडं एकदा बघावं, मग बोलू.

फोटोत आम्ही ज्यात बसलोय त्याला इथे स्ट्रांडकोर्ब म्हणतात. वेताने विणलेला आडोसा, वर पट्ट्यापट्ट्यांचं छत, आत दोघांपुरतं बाकडं, पाय ठेवायला खालून ओढून घ्यायच्या फळ्या. १८८२ मध्ये रोस्टॉकच्या बार्टेलमान नावाच्या टोपल्या विणणाऱ्याने पहिला बनवला, संधिवात असलेल्या एका बाईंना समुद्रावर बसायचं होतं पण वारा सोसत नव्हता म्हणून. टपरीवर भाडं भरलं की किल्ली आणि नंबर मिळतो, दिवसभर ती जागा तुमची. कुणी येऊन "जरा सरका" म्हणत नाही. आम्ही तिथे दिवसच्या दिवस बसलो. पाणी इतकं गार की घोटे भिजवून परत. रात्री साडेनऊला उजेड. काही म्हणजे काही केलं नाही.

आता आमची भारतातली सुट्टी ऐका. विमान मध्यरात्री मुंबईला, पहाटे पुणे, दहा वाजता बँकेत, कारण केवायसी संपलेलं. ते करायला ओटीपी लागतो आणि तो येतो आधारला जोडलेल्या नंबरवर, जो बंद पडलेला. मग दातांचे डॉक्टर. मग माहेर आणि सासर यांच्यात दिवसांची वाटणी, जी कशीही केली तरी एका बाजूचं तोंड वाकडं. सांगलीला पोचलो की नवरा हॉलमध्ये चुलतभावांबरोबर गाद्या टाकून, मी आतल्या खोलीत जाऊबाई, त्यांची मुलगी आणि आत्यांबरोबर. जेजुरी व्हायलाच हवी. कुणाचं केळवण, कुणाचं बारसं. "तू बस गं, दमून आलीस" म्हणता म्हणता समोर सोलायला लसूण. सगळं प्रेमाने असतं, मला कळतं. पण त्या दिवसांत मी माझ्या नवऱ्याशी काय बोलते? "चार्जर कुठंय?" "आत्यांच्या पाया पडलास का?" संपलं.

इथल्या १९६३ च्या रजेच्या कायद्यात लिहिलंय की रजेच्या काळात विश्रांतीला मारक ठरेल असं कमाईचं काम करायचं नाही. लसूण सोलायचे पैसे मिळत नाहीत म्हणून वाचलो.

आणि त्या रजेचा डोंगर आहे असं मावशीला वाटतं. पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षाला किमान २० दिवस कायद्याने, बऱ्याच ठिकाणी थोडे जास्त. त्यात भारत, त्यातच दिवाळीची एखादी रजा (इथे दिवाळी म्हणजे मंगळवार), त्यातच नवीन घरात सामान हलवणं. उरतं त्यातून ऱ्युगेन. ते पण बघवत नाही का?

तर त्या स्ट्रांडकोर्बमध्ये काय झालं ते सांगते, कारण फोटोत ते दिसत नाही. एका दुपारी वारा सुटला, पाऊस आला. आजूबाजूची मंडळी शांतपणे उठून आपापले स्ट्रांडकोर्ब फिरवायला लागली, वाऱ्याकडे पाठ करून. आम्हीही फिरवला. जड असतो, दोघं लागतात. आत बसून चिवडा खात होतो, समोर आता समुद्र नाही, नुसती वाळू आणि गवत. आणि नवरा एकदम म्हणाला, "पहिल्या हिवाळ्यात ऑफिस सुटलं की मी अकरा नंबरच्या ट्रामने पार शेवटपर्यंत जायचो. श्कॉयडिट्झपर्यंत. तिथून तसाच परत." काम काही नाही. चारला अंधार, घरी कुणी नाही, ट्राममध्ये निदान दिवे आणि माणसं. मी तेव्हा पुण्यात व्हिसाची वाट बघत होते आणि रोज रात्री व्हिडिओ कॉलवर "मस्त चाललंय गं" ऐकत होते.

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. हा माणूस हे सांगलीच्या हॉलमध्ये सांगणार होता? चुलतभाऊ क्रिकेट लावून बसलेत तिथे?

किनाऱ्याने थोडं चालत गेलं की प्रोरा लागतं. नाझींनी १९३६ ते १९३९ मध्ये बांधलेली इमारतींची साडेचार किलोमीटर लांब रांग. एका वेळी २०,००० लोकांनी तिथे सुट्टी घालवायची, सगळ्या खोल्या सारख्या, सगळ्या समुद्राकडे तोंड करून, अशी योजना. युद्ध लागलं आणि ती तशी कधी वापरलीच गेली नाही. आता त्यातल्या काही भागात महागडे फ्लॅट झालेत. लोकांनी मजा कशी करायची हे वरून ठरवून देणाऱ्या त्या भिंतींसमोर उभं राहून मला गुदमरल्यासारखं झालं. नवरा म्हणाला, "आपल्या ग्रुपचे ॲडमिन इथे रमले असते." हा विनोद घरी सांगायचा नाही असं ठरलं होतं.

दुसऱ्या बाजूने इथली आपलीच मंडळी. "आठवडाभर एकाच बेटावर? तेवढ्यात तीन देश झाले असते!" यांच्या एक्सेल शीटमध्ये सकाळी प्राग, रात्री व्हिएन्ना, आणि मध्ये कुठे लघवीला जायचं तेही लिहिलेलं असतं. भारतातून ९० युरो व्हिसा फी भरून, वर्षानुवर्षं पैसे साठवून येणाऱ्यांनी सगळं बघून घ्यावं, त्यांना मी काही बोलणार नाही. पण आपण इथे राहतो ना? प्राग कुठे पळून जातंय?

हो, आईचे गुडघे गेलेत. हो, बाबा हल्ली फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगतात. हे मला ग्रुपवरून कळायला नको, रात्री दोनला जाग येते तेव्हा हेच डोक्यात असतं. आणि त्या संधिवातवाल्या बाईंची गोष्ट वाचली तेव्हा पहिली आठवण आईचीच झाली, की हिला इथे आणून बसवलं पाहिजे. पण आईची काळजी वाटते याचा पुरावा म्हणून आम्ही दोघांनी एकमेकांशी बोलायचंच नाही, हे कुठलं गणित? ट्राममध्ये एकटा बसणारा तो मुलगाही कुणाचा तरी मुलगाच होता. त्याच्याही आईला हे माहीत नाही.

हे लिहिता लिहिता मावशीचा एक फोटो आठवला. महाबळेश्वरचा, वेण्णा लेकवर होडीतला. एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मावशी, मध्ये काकांची आई आणि धाकटी नणंद. तो त्यांच्या हनिमूनचा फोटो आहे. मावशी दर वेळी हसून दाखवते, आम्हीही हसतो. त्यानंतर दर मे महिन्यात आमची सगळ्यांची सुट्टी तिच्या घरी. आम्हाला आंबे, पत्ते आणि गच्ची. तिला ढीगभर पोळ्या. ती आणि काका कुठे दोघंच गेल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. काका रिटायर झाल्यावरही गेले ते ज्येष्ठ नागरिकांच्या बसने, आख्ख्या सोसायटीबरोबर.

तर मावशी, सकाळी होता तेवढा राग आता राहिलेला नाही. पण बोललीस ते चूकच बोललीस. काकांना घेऊन जा कुठेतरी. नणंदेला सांगू नकोस.

आणि आम्ही नोव्हेंबरात येतोय, तिकिटं काढून झालीत. आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडे मीच नेणार, सांगली होईल, जेजुरी होईल, केवायसी तर आहेच. फक्त मुंबईत उतरलो की आधी हर्णैला जाणार आहोत, दोघंच, पुणे त्यानंतर. आईला सांगितलंय, ती म्हणाली, "जा, कोलंबी खाऊन या." सासरी अजून सांगितलेलं नाही. जाऊबाई ही पोस्ट वाचतीलच, त्यांनीच जेवणं झाल्यावर हळूच विषय काढावा ही विनंती.