कुळ कोणतं?

सप्टेंबर म्हटला की माझ्या डोक्यात गणपती, ढोलताशे आणि घामानं पाठीला चिकटलेला सदरा. स्कॉटलंडात ॲबर्डीनला येऊन दोन वर्षं झाली, तरी डोक्यातलं कॅलेंडर पुण्याचंच. म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी ब्रेमार गॅदरिंगला, म्हणजे ब्रेमार गावातल्या पारंपरिक खेळांच्या जत्रेला, निघताना बायकोनं पुढे केलेली कानटोपी मी बाणेदारपणे नाकारली. याच ब्रेमारात १८९५ आणि १९८२ साली उणे २७.२ अंश तापमान नोंदलं गेलंय, हे तिनं परतीच्या वाटेवर वाचून दाखवलं. आधी सांगितलं असतं तर तिला मजा कशी आली असती?

पाऊस असा नव्हता. पाण्याचा भुगा हवेत आडवा उडत होता. माझी छत्री पहिल्याच झोतात कमळासारखी उमलली.

पुढच्या रांगेत सत्तरीचे एक आजोबा किल्ट, म्हणजे इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, घालून, उघड्या गुडघ्यांनी आइस्क्रीम खात होते. किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं. म्हणजे नऊवारीपेक्षा एकच वार कमी! पण नऊवारीला निदान कासोटा असतो, या विचारानं त्या वाऱ्यात माझाच जीव टांगणीला.

बॅगपाइपची पथकं आली. वाजवणारा श्वास घ्यायला थांबला तरी पिशवीतल्या हवेवर सूर चालूच. लोक तल्लीन झाले होते. मला मात्र प्रत्येकाच्या काखेत गरम पाण्याची पिशवी दिसत होती.

मग केबर. जवळजवळ वीस फुटी सोट उभा धरून पैलवान धावत सुटतो आणि असा भिरकावतो, की वरचं टोक जमिनीत आपटून हातातलं टोक आभाळातून पलीकडे पडतं. मल्लखांबावर माणूस चढतो. इथे खांबच माणसावर. किती लांब गेला याला किंमत नाही, घड्याळातल्या बाराच्या रोखानं सरळ पडायला हवा. खांबाचे वाजोत न वाजोत, माझे बारा सकाळी साडेदहालाच वाजले होते.

दुपारी राजघराण्यातली मंडळी आली. १८४८ मध्ये व्हिक्टोरिया राणी आली होती, तेव्हापासूनचा हा घरोबा. सगळे अदबीनं उठले. मी उभाच होतो, बाकडं ओलं होतं.

शेवटी टार्टन, म्हणजे रंगीत चौकटींच्या, शालींच्या दुकानात घुसलो. प्रत्येक घराण्याची चौकट वेगळी, त्यामुळे दुकानदारीणबाईंनी आपुलकीनं विचारलं, "कुळ कोणतं?"

लग्नाच्या वेळी घडाघडा सांगितलेलं गोत्रसुद्धा आठवेना.

"सगळ्यात जाड शाल ज्यांची," मी दात वाजवत म्हणालो, "त्यांच्यातला मी."