आधी पाणी मोजून द्या, मग ठिबकाची सक्ती करा

मार्चमधली गोष्ट. आप्पांचा फोन आला तेव्हा इथे ऑस्ट्रेलियात, शेपर्टनला, सकाळचे साडेआठ वाजले होते, इंदापूरकडे रात्रीचे तीन. ते बॅटरी घेऊन उसाला दारं धरत होते. सरी तुडुंब भरली तरी पाणी चालूच. म्हटलं, "आप्पा, मोडा की आता दार." म्हणाले, "कालव्याची पाळी परत कधी येईल कुणाला ठावं? आलंय तवर पिऊ दे रानाला."

गावाच्या ग्रुपवर तोच वाद चालू आहे: मोकाट पाणी बंद करा, उसाला ठिबक सक्तीचं करा. २०१७ साली राज्य सरकारने तसा निर्णयही घेतला होता. उसाला पाणी फार लागतं, हे खरंच. पण शेतकरी उधळ्या आहे असं धरून चालतात, ते मला पटत नाही. त्या रात्रीचं आप्पांचं उत्तर शहाण्या माणसाचं होतं.

मी राहतो तो उत्तर व्हिक्टोरियातला गोलबर्न नदीचा मुलूख. इथली गायींची कुरणं आजही बरीचशी पाटपाण्यावरच भिजतात. शेजारच्या रानात मी ते उभं राहून पाहिलंय. तीन-चारशे मीटर लांबीचे पट्टे, लेसरने उतार काढलेले, दोन्ही कडांना बुटके वरंबे. दार उघडलं की पाणी पट्ट्याच्या सगळ्या रुंदीने झपाझप पुढे सरकतं आणि शेवटाला पोचायच्या आधीच दार बंद होतं. पुढचं अंतर मागचं पाणीच ओढत नेतं. बारीक धार तासन् तास सोडली तर वरच्या टोकाचं पाणी मुळांच्या खाली मुरून जातं आणि खालचं टोक कोरडंच राहतं. आमच्या सऱ्यांत नेमकं हेच होतं. नदीकाठच्या कितीतरी जमिनी अशाच क्षारपड झाल्या.

पण लेसर नंतरचा, मोजमाप आधीचं. इथे शेताच्या तोंडाशी पाणी मोजणारं लोखंडी चाक जॉन डेथ्रिज यांनी १९१० च्या सुमारास बनवलं. आता बऱ्याच ठिकाणी त्याच्या जागी सौर ऊर्जेवरची दारं आली. शेतकरी पाणी मागवतो, ठरल्या वेळी ते येतं, आणि जेवढं मोजलं तेवढंच त्याच्या खात्यावर पडतं. पुढचं पाणी येणार याची खात्री असली की हात आपोआप आखडतो.

इथलं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. २००७ मध्ये व्हिक्टोरियाने पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा केला. दुष्काळात अडचणीत आलेल्यांनी पाणी विकलं आणि रान कोरडं ठेवलं. इंदापुरात तसं झालं तर कालव्याच्या शेपटाचा लहान शेतकरी पहिला संपेल.

तसं शिकायला इतक्या लांब यायचीही गरज नाही. दिंडोरी तालुक्यात वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्याच संस्था मोजून घेतात आणि वाटतात. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनावर, म्हणजे मोजून, पाणी द्यायची सोय राज्यभर केली आहे. कालव्याचं पाणी रानापर्यंत आणणाऱ्या आमच्या चारीवर ती कागदावरच राहिली. ठिबकाला माझा विरोध नाही, पण पाळीची तारीखच कळत नसेल तर ठिबकवाल्याला आधी शेततळं खणावं लागतं, आणि दोन एकरवाल्याने त्यात किती जमीन घालवायची?

मागच्या दिवाळीत आमच्या चारीच्या तोंडाशी गेलो होतो. मोजपट्टी गाळात बुडालेली, आकडे पुसलेले. येत्या दिवाळीत मी आणि आप्पा फावडी घेऊन तो गाळ काढणार आहोत. चारीवरच्या बाकीच्या खातेदारांनाही बोलावलंय.